सक्तीच्या मोटार विम्याचे पहिले राज्य : मॅसॅच्युसेट्स, १९२५ ते २०२५

रस्त्यावर आणलेल्या प्रत्येक मोटारीमागे, तिच्यामुळे जखमी होणाऱ्या परक्या माणसाला भरपाई देण्याची तजवीज आधीच केलेली असली पाहिजे, हे तत्त्व आज जगातील बहुतेक देशांत गृहीत धरले जाते. अमेरिकेत मात्र सर्व खासगी मोटारमालकांवर ते कायद्याने लादण्याचे धाडस प्रथम एकाच राज्याने केले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे दुसरे कोणतेही राज्य त्याच्या वाटेला गेले नाही. ते राज्य म्हणजे ईशान्य अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स. तेथील विधिमंडळाने १९२५ मध्ये हा कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९२७ पासून तो अमलात आला. त्याचा पुढील शंभर वर्षांचा प्रवास पाहिला म्हणजे असे दिसते की, जखमी माणसासाठी केलेला हा कायदा विमाहप्ता भरणाऱ्या मालकाच्या तक्रारींनी वारंवार आपल्याकडे ओढून घेतला, आणि त्याच्या इतिहासातील बहुतेक वळणे या ओढाताणीतून आलेली आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी अपघाताच्या भरपाईचा कायदा दोषाच्या तत्त्वावर उभा होता. जखमी व्यक्तीने समोरच्याचा निष्काळजीपणा पुराव्याने सिद्ध केला तरच तिला भरपाई मिळे, आणि तिचा स्वतःचा थोडासाही हलगर्जीपणा अपघातास कारण झाल्याचे ठरले तर तिचा संपूर्ण दावा बुडे. या दुसऱ्या नियमाला सहभागी निष्काळजीपणाचा नियम म्हणत. मॅसॅच्युसेट्सने १९१४ मध्ये एवढी सवलत दिली की जखमीने योग्य काळजी घेतली होती असे न्यायालयाने प्रथमतः मानावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असावा. पण हा नियम मुळात कायमच राहिला. त्यातून खटला जिंकला तरी हाती काय पडेल, याची शाश्वती नव्हती. घोडागाडीच्या काळात रस्त्यावरचे वाहन बहुधा सधन माणसाचे किंवा व्यापारी पेढीचे असे. १९२० नंतर हे चित्र पालटले. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या मोटारीची किंमत १९२० च्या दशकाच्या मध्यास तीनशे डॉलरच्याही खाली आली, हप्तेबंदीने मोटार घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि ज्याच्याकडे घर नाही, शिल्लक नाही, असा कामगारही मोटारीचा मालक झाला. देशातील नोंदणीकृत मोटारींची संख्या १९२० मधील सुमारे ८० लाखांवरून १९२९ पर्यंत सुमारे २ कोटी ३० लाखांवर गेली. अशा मालकाविरुद्ध निकाल लागला तरी जप्त करण्याजोगे त्याच्याजवळ काही नसे, आणि न्यायालयाचा हुकूमनामा जखमीच्या कपाटात पडून राही.

ऐच्छिक विमा तोवर अस्तित्वात आला होता. हार्टफर्ड येथील ‘ट्रॅव्हलर्स’ या कंपनीने १८९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहराच्या एका डॉक्टरला मोटारीच्या दायित्वाचा विमा दिल्याची नोंद आहे, आणि ती अशा आरंभीच्या विम्यांपैकी एक मानली जाते. दायित्वाचा विमा म्हणजे विमाधारकाच्या स्वतःच्या नुकसानीचा नव्हे, तर त्याने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देण्याच्या जबाबदारीचा विमा. विमाधारक आणि कंपनी या करारातल्या दोन बाजू, आणि करारात कोठेही नसलेला जखमी माणूस हा तिसरा. म्हणून त्याला तृतीय पक्ष विमा असेही म्हणतात. जुन्या विमापत्रांत मात्र एक मोठी मेख होती. विमाधारकाने स्वतःच्या खिशातून भरपाई दिल्यानंतरच कंपनीने त्याला ती परत करावी, अशी त्यांची भाषा असल्यामुळे तो दिवाळखोर निघाला की कंपनी सुटत असे. विम्याची सर्वांत जास्त गरज जेथे होती तेथेच तो निरुपयोगी ठरत होता. मॅसॅच्युसेट्सने १९१४ च्या एका कायद्याने ही मेख काढली आणि अपघात घडताक्षणीच कंपनीची जबाबदारी पक्की होते, असे ठरवले. १९२५ च्या कायद्याची चर्चा करताना या लहानशा सुधारणेकडे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक तिच्यावाचून सक्तीच्या विम्याला काही अर्थच उरला नसता.

दुसरी पूर्वतयारी कारखान्यांत झाली होती. १९११ मध्ये राज्याने कामगार भरपाईचा कायदा केला आणि कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाचा दोष सिद्ध न करताही ठरावीक भरपाई मिळू लागली. या कायद्यान्वये मालकांसाठी स्थापन झालेली विमा संघटना पुढे ‘लिबर्टी म्युच्युअल’ या नावाने देशातील मोठ्या विमा कंपन्यांत गणली गेली. यंत्राच्या धोक्याचा खर्च त्या यंत्रापासून लाभ घेणाऱ्यांनी सामुदायिक रीतीने उचलावा, हा विचार अशा प्रकारे राज्याच्या अंगवळणी पडला होता. तो गिरणीतून रस्त्यावर आणावा काय, एवढाच प्रश्न १९२० नंतर उरला.

मॅसॅच्युसेट्सचा कायदा झाला त्याच वर्षी, १९२५ मध्ये, शेजारच्या कनेक्टिकट राज्याने वेगळा मार्ग धरला. १९२६ च्या आरंभापासून तेथे अमलात आलेल्या कायद्यानुसार मोटारमालकाला सुरुवातीला विम्याची सक्ती नव्हती. गंभीर अपघात किंवा ठरावीक गुन्हा त्याच्या हातून घडल्यानंतरच पुढील अपघातांची भरपाई देण्याची आपली ऐपत त्याने दाखवावयाची होती. या प्रकाराला आर्थिक उत्तरदायित्वाचा कायदा असे नाव पडले. विमा कंपन्यांना आणि मोटारचालकांच्या संघटनांना तो पसंत पडला, कारण त्यात सरकारचा हस्तक्षेप कमी होता आणि बेफिकीर चालक तेवढे वेगळे काढले जातील अशी आशा होती. परंतु त्याचा दोष उघड होता. प्रत्येक चालकाचा पहिला बळी या कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहत होता, आणि ज्याचा पाय मोडला त्याला आपण पहिले की दुसरे याच्याशी काही कर्तव्य नव्हते.

मॅसॅच्युसेट्सने ही त्रुटी ओळखून विम्याची सांगड थेट नोंदणीशी घातली, आणि कायद्याची खरी कल्पकता याच ठिकाणी होती. राज्य १९०३ पासून मोटारींची नोंदणी करून नंबरप्लेट देत होते. आता विमा कंपनीचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नोंदणी अधिकाऱ्याने मोटार नोंदवूच नये, असे ठरले. एका व्यक्तीच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी ५,००० डॉलर आणि एका अपघातातील सर्व व्यक्तींसाठी मिळून १०,००० डॉलर ही किमान मर्यादा होती. विमा नको असल्यास जामीनरोखा देण्याची किंवा राज्याच्या कोषाधिकाऱ्याकडे रोकड अथवा रोखे ठेवण्याची मुभा होती, पण ती परवडणारे थोडेच. मालकाच्या संमतीने दुसरा कोणी मोटार चालवीत असेल तरी विमा लागू होता, आणि विमाधारकाने करारातील एखादी अट मोडली या सबबीवर कंपनीला जखमी व्यक्तीचे पैसे अडवता येत नव्हते. विमा नाकारला गेला किंवा रद्द झाला तर दाद मागण्यासाठी स्वतंत्र अपील मंडळ नेमण्यात आले. सक्ती फक्त शारीरिक इजेपुरती होती. मोडलेल्या कुंपणाची किंवा चेपलेल्या मोटारीची भरपाई तिच्यात नव्हती, आणि ती केवळ राज्यातील सार्वजनिक रस्त्यांवरच्या अपघातांना लागू होती.

विधेयक संमत होण्यापूर्वीच त्याच्या वैधतेविषयी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले गेले. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेत विधिमंडळाला न्यायमूर्तींचा असा सल्ला घेण्याची तरतूद आहे. खासगी व्यक्तीला खासगी कंपनीशी करार करण्यास भाग पाडणे म्हणजे तिच्या स्वातंत्र्यावर आणि मालमत्तेवर आक्रमण होय, असा मुख्य आक्षेप होता. न्यायमूर्तींनी १९२५ मध्ये दिलेल्या मतात, सार्वजनिक रस्त्यांवर मोटारीसारखे धोक्याचे वाहन चालवण्यावर लोकांच्या सुरक्षिततेसाठी वाजवी अटी घालणे राज्याच्या अधिकारात आहे, असे सांगून तो फेटाळला. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे याच कायद्याविरुद्ध एक अर्ज आला, तेव्हा त्यातील घटनात्मक प्रश्न चर्चेसही पात्र नाही इतका तो मुद्दा निकालात निघालेला होता. परराज्यातील मोटारींचा प्रश्न मात्र शिल्लक होता, कारण नोंदणी नसलेल्या वाहनावर विम्याची सक्ती करता येत नव्हती. तेथे १९२३ च्या एका कायद्याने निदान एवढे साधले होते की, बाहेरचा चालक राज्याच्या रस्त्यावर आला म्हणजेच त्याने नोंदणी अधिकाऱ्याला आपल्या वतीने समन्स स्वीकारण्याचा अधिकार दिला, असे मानले जाई. वूस्टर शहरातील एका अपघातावरून उद्भवलेल्या प्रकरणात केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ही तरतूद वैध ठरवली.

गव्हर्नरपदी त्या वेळी अल्व्हन फुलर होते. बॉस्टनमधील ‘पॅकार्ड’ मोटारींच्या विक्रीतून अफाट संपत्ती मिळवलेला हा गृहस्थ, मृत्युदंड झालेल्या सॅको आणि व्हॅन्झेटी यांचा दयेचा अर्ज नाकारणारा गव्हर्नर म्हणून १९२७ मध्ये जगभर चर्चेत आला, आणि देशातील पहिला सक्तीचा मोटार विमा अशा एका मोटार विक्रेत्याच्या कारकिर्दीत सुरू झाला. त्या काळातील विमा आणि नोंदणी दोन्हींची मुदत ३१ डिसेंबरला संपत असल्यामुळे वर्षअखेरीस राज्यातील सगळे मालक एकाच वेळी हप्ता भरण्यास आणि नवी नंबरप्लेट घेण्यास येत. सक्ती केली म्हणजे दर ठरवण्याची जबाबदारीही राज्यावर येते, या न्यायाने ते दर कंपन्यांनी नव्हे तर राज्याच्या विमा आयुक्ताने निश्चित करावयाचे होते. परिणामी दरवाढ हा व्यापारी निर्णय न राहता सरकारी निर्णय झाला, आणि प्रत्येक मोटारमालक त्या निर्णयाचा जाब विचारणारा मतदार झाला. राज्याचे दरविभाग पाडण्यात आले होते. बॉस्टन, चेल्सी, रिव्हिअर अशा दाट वस्तीच्या शहरांत दावे अधिक म्हणून दर अधिक, तर पश्चिमेकडील खेड्यांत कमी. शहरातील कष्टकरी मालकाला हा अन्याय वाटे आणि राज्यभर एकच दर लावण्याची मागणी पुनःपुन्हा विधिमंडळात येई. ग्रामीण प्रतिनिधी तिला तितक्याच जोराने विरोध करीत.

दाव्यांची संख्या अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली. पूर्वी ज्या किरकोळ दुखापतीसाठी कोणी न्यायालयाची पायरी चढले नसते, तिच्यासाठीही आता विमा आहे हे ठाऊक असल्यामुळे दावा होऊ लागला. यातील काही दावे बनावट होते, यात शंका नाही. परंतु जखमी लोकांना प्रथमच आपला हक्क मागावासा वाटला, ही या वाढीची दुसरी बाजू समकालीन चर्चेत फारशी बोलली गेली नाही. १९२८ मध्ये आणखी एक तरतूद झाली : मोटार प्रतिवादीच्या नावे नोंदलेली आहे एवढे दाखवले की तिचा चालक त्याच्याच जबाबदारीवर ती चालवीत होता, असे प्रथमदर्शनी मानले जाई. दुसऱ्याच कोणीतरी ती नेली होती, हा मालकांचा ठरलेला बचाव त्यामुळे दुबळा झाला. याउलट १९३० च्या दशकाच्या मध्यास मोटारीत पाहुणा म्हणून बसलेल्या व्यक्तींना सक्तीच्या विम्यातून वगळण्यात आले. दर खाली ठेवण्यासाठी बळींच्या एका संपूर्ण वर्गाचे संरक्षण काढून घेण्याचा हा निर्णय कायद्याच्या मूळ हेतूशी सरळ विसंगत होता.

कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने नेमलेल्या अभ्यास समितीने १९३२ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्यापुढे मॅसॅच्युसेट्सचा अनुभव होता. विमा असलेल्या मोटारीने जखमी झालेल्यांपैकी बहुतेकांना काही ना काही रक्कम मिळते आणि विमा नसलेल्या मोटारीच्या बळींपैकी फार थोड्यांना मिळते, हे तिने आकडेवारीने दाखवले; पण लहान दुखापतींना गरजेपेक्षा जास्त आणि मृत्यू अथवा कायमच्या अपंगत्वाला फारच कमी भरपाई मिळते, हेही तिने दाखवले. सक्तीच्या विम्याने दोषी माणसामागे पैसा उभा केला होता, दोष सिद्ध करण्याची अट मात्र तशीच ठेवली होती. या समितीने कामगार भरपाईच्या धर्तीवर, दोषाचा विचार न करणारी योजना सुचवली. ती कोणत्याही राज्याने स्वीकारली नाही.

इंग्लंडने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आणि भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तेच तत्त्व इंग्लंडकडून आले, जरी विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पर्यंत अमलात आले नव्हते. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आज जे दावे चालतात त्यांचा वंशवेल लंडनकडे जातो, बॉस्टनकडे नव्हे. तरी जखमीच्या हक्काआड विमाधारकाच्या चुका येऊ नयेत ही चिंता दोन्हीकडे सारखीच होती. अमेरिकेतील इतर राज्ये मात्र कनेक्टिकटच्या मार्गाने गेली, आणि सक्ती म्हटली की विमा कंपन्या मॅसॅच्युसेट्सच्या राजकीय दरांचे उदाहरण पुढे करीत. न्यूयॉर्कने १९५६ मध्ये कायदा करून तो १९५७ पासून लागू केला आणि त्यापाठोपाठ नॉर्थ कॅरोलायनाने सक्ती स्वीकारली, तेव्हा कोठे हे एकाकीपण संपले.

तोवर खुद्द मॅसॅच्युसेट्समधील व्यवस्था जर्जर झाली होती. १९६० च्या दशकात तेथील शारीरिक इजेच्या दाव्यांचे प्रमाण आणि सक्तीच्या विम्याचे दर देशात सर्वाधिक मोजल्या जाणाऱ्यांपैकी होते, न्यायालयांत मोटार अपघातांच्या खटल्यांची रास पडली होती, आणि एवढे सारे होऊनही ५,००० आणि १०,००० डॉलरच्या मर्यादा १९२७ च्याच होत्या. हार्वर्डचे विधी प्राध्यापक रॉबर्ट कीटन आणि इलिनॉय विद्यापीठाचे जेफ्री ओकॉनेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कोंडीवर उपाय मांडला : प्रत्येक जखमीला दोष कोणाचा हे न पाहता त्याच्या मोटारीच्या विमा कंपनीकडून उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी, आणि त्या बदल्यात लहान अपघातांत वेदनेसाठी वेगळी भरपाई मागण्याचा हक्क त्याने सोडावा. ब्रुकलाइनचे तरुण आमदार मायकेल डुकाकिस यांनी हे विधेयक हाती घेतले. १९६७ मध्ये प्रतिनिधी सभागृहाने ते अनपेक्षितपणे मंजूर केले. सेनेटने ते पाडले. अपघाताच्या खटल्यांवर उपजीविका करणाऱ्या वकिलांचा त्याला कडवा विरोध होता. अखेर ऑगस्ट १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी सुधारित कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७१ पासून दोष-निरपेक्ष विमा लागू करणारे मॅसॅच्युसेट्स हे देशातील पहिले राज्य ठरले. प्रत्येक जखमीला २,००० डॉलरपर्यंत थेट लाभ, आणि उपचारखर्च ५०० डॉलरहून अधिक असेल किंवा मृत्यू, अस्थिभंग, कायमचा विद्रूपपणा अशी गंभीर हानी असेल तरच वेदनेसाठी दावा, असा त्याचा आराखडा होता. त्याच दिवसापासून सहभागी निष्काळजीपणाचा जुना कठोर नियमही गेला आणि दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करणारा नियम त्याच्या जागी आला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच नवा कायदा वैध ठरवला.

बळीच्या बाजूने पाहता १९७० चा कायदा हे १९२५ च्या कायद्याचे खरे पूर्णत्व होते. मात्र तो लोकांपुढे मांडला गेला तो मुख्यतः हप्ता कमी करणारा कायदा म्हणून. दरांत १५ टक्के कपातीची तरतूद त्यात घातली गेली आणि ती कंपन्यांनी लगेच न्यायालयात नेली. किरकोळ इजेचे दावे आरंभी लक्षणीय घटले. पुढे मात्र ५०० डॉलरची मर्यादा, महागाईमुळे आणि फुगवलेल्या वैद्यकीय बिलांमुळे, सहज ओलांडता येऊ लागली. डुकाकिस स्वतः गव्हर्नर असताना १९७७ मध्ये दर ठरवण्याचे काम स्पर्धेवर सोडण्याचा प्रयोग झाला. शहरी आणि तरुण चालकांचे हप्ते इतके भडकले की वर्षभरातच आयुक्ताने दर ठरवण्याची जुनी पद्धत परत आणावी लागली. त्यांच्याच नंतरच्या कारकिर्दीत १९८८ च्या कायद्याने थेट लाभ ८,००० डॉलरवर आणि दाव्याचा उंबरठा २,००० डॉलरवर नेण्यात आला. तरीही बनावट अपघातांचा धंदा थांबला नाही. लॉरेन्स शहरात २००३ मध्ये मुद्दाम घडवलेल्या एका धडकेत एका वृद्ध महिलेचा जीव गेला, तेव्हा पोलीस आणि विमा तपासयंत्रणा यांचे संयुक्त पथक नेमले गेले. १ एप्रिल २००८ पासून कंपन्यांना मर्यादित स्पर्धेची मुभा मिळाली, पण मालकाची पतगुणसंख्या पाहून दर ठरवण्यास असलेली बंदी राज्याने उठवली नाही.

जखमीच्या वाट्याची रक्कम मात्र या सगळ्या घडामोडींत सर्वांत सावकाश हलली. १ जुलै २०२५ पासून किमान मर्यादा एका व्यक्तीसाठी २०,००० वरून २५,००० डॉलर आणि एका अपघातासाठी ४०,००० वरून ५०,००० डॉलर झाली, आणि मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा ५,००० वरून ३०,००० डॉलरवर गेली. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार १९२७ मधील एका डॉलरला आज सुमारे १८ डॉलर लागतात, म्हणजे मूळ कायद्यातील ५,००० डॉलरचे आजचे मोल ९०,००० डॉलरच्या घरात जाते. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात बहुसंख्य मोटारमालकांवर विम्याची सक्ती आजही नाही.